मास्क बसला नाही, तेव्हापासून झोप नाही

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेवर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन आहे. डिप्लोमा करून चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात छातीत दुखतंय म्हणून पन्नाशीतल्या एका गृहस्थांना नेत होतो. वाटेतच त्यांचं हृदय थांबलं. मी सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) सुरू केला, पण अँबू बॅगचा (हाताने पिळून श्वास देण्याच्या पिशवीचा) मास्क चेहऱ्यावर बसेना, बाजूने हवा जात राहिली. एईडीचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड काढताना हात थरथरत होते. त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

आमच्याकडे ट्रेनिंग वर्षातून एकदा होतं. दोन तास स्लाइड दाखवतात आणि शेवटी सह्या घेतात. मॅनिकिनला (सरावाच्या पुतळ्याला) हात लावून दोन वर्षं होऊन गेली. सीनियर म्हणतात, "अनुभवाने येतं सगळं, कोर्सबिर्स करून काही होत नाही." मी स्वतःच्या पैशाने एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांचा कोर्स) करावा का? की ही नोकरी माझ्यासाठी नाहीच? रात्री तो मास्क डोळ्यांसमोर येतो.
– एक टेक्निशियन

ताईंचं उत्तर

नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला जागवतोय. नोकरी सोडू नका. मास्क कुठून गळत होता, हात कधी थरथरले, हे तुम्हाला महिन्यानंतरही नेमकं सांगता येतं. बरेच जण 'पेशंट गेला' एवढं नोंदवून पुढच्या केसला लागतात. जे तुम्हाला दिसलंय त्यावर काम करता येतं, आणि ते कसं करायचं तेच पुढे लिहिते आहे.

पण त्याआधी त्या गृहस्थांबद्दल. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक जण जगात कुठेही वाचत नाहीत, चांगल्यातली चांगली टीम शेजारी असली तरी. हृदय अचानक थांबतं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत सगळ्यात मोलाचं असतं ते छातीवरचं कॉम्प्रेशन (छाती दाबणं) आणि गरज असेल तर एईडीचा शॉक. रक्तात तोवर थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो. कॉम्प्रेशन तुम्ही लगेच सुरू केलंत. शिवाय धावत्या गाडीत मागे तुम्ही एकटे होतात. छाती दाबायची, बॅग पिळायची, पॅड लावायचे आणि मुलालाही सांभाळायचं, हे एकट्याच्या आवाक्यातलं काम नव्हे. मास्क बसला नाही म्हणून ते गेले, असं म्हणायला काही आधार नाही. तसं स्वतःला सांगू नका.

झोपेचं मात्र मनावर घ्या. महिना उलटून गेला तरी तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, तर 'होईल कमी' म्हणत बसू नये. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ येत असतील तर त्यांना भेटा. ज्या हातांनी रोज दुसऱ्यांना सावरायचं, त्या हातांच्या माणसाला मदत लागली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता तुमचे सीनियर. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बीपी घेणं, सलाईन लावणं, अरुंद जिन्यातून स्ट्रेचर उतरवणं हे अनुभवानेच येतं, कारण ते रोज घडतं. हृदय बंद पडणं, गाडीत बाळंतपण होणं, मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास वाटेत थांबणं या गोष्टी रोज घडत नाहीत. महिनेच्या महिने अशी केस येत नाही आणि मग एके रात्री येते. तिच्यासाठी अनुभव साठणार कुठून? आणि न तपासलेला अनुभव चूकही पक्की करतो. दहा वर्षं अँबू बॅग भरभर पिळणारा माणूस ती अधिकच आत्मविश्वासाने भरभर पिळायला लागतो. शिकवलेला सीपीआर सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागतो, हे पुन्हापुन्हा तपासून सिद्ध झालेलं आहे. बुद्धी तीच असते, पुस्तकही पाठ असतं, पण हात विसरतात. गणपतीच्या आधी ढोलपथकं महिना-दोन महिने मैदानावर सराव करतात. मिरवणुकीत आपोआप येईल, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही.

आणि शास्त्रही एका जागी थांबलेलं नाही. तुमचा डिप्लोमा झाला तेव्हा घास अडकलेल्या मोठ्या माणसाला अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीने थेट पोटावर झटके द्यायला शिकवत. २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच झटके, असं आलटून पालटून करायचं. तान्ह्या बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाबण्याची पद्धतही आता मागे पडली. दोन्ही अंगठ्यांनी किंवा तळहाताच्या टाचेने दाबायला सांगतात. दोन तासांच्या स्लाइडमध्ये हे कुणी तुम्हाला सांगितलं का? सांगितलं असलं तरी करून घेतलं का?

तर मास्क. अँबू बॅग हे रुग्णवाहिकेतलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते सगळ्यात कमी वेळ शिकवलं जातं. घाबरलेला माणूस मास्क चेहऱ्यावर खाली दाबतो. मास्क खाली दाबला की हनुवटी आत जाते, जीभ मागे पडते, श्वासाची वाट बंद होते आणि हवा बाजूने निघून जाते. करायचं ते उलट: जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. हाडाखाली म्हणजे हाडालाच, गळ्याच्या मऊ भागात बोटं रुतली तर तीच वाट दाबतात. कवळी घट्ट बसलेली असेल तर ती तोंडातच राहू द्या, गालांना आधार मिळतो. सैल असेल तर काढा. दाढी असेल तर मास्क गळणारच, हे आधीच धरून चाला. तोंडात तंबाखू, गुटखा, उलटी असेल तर पहिलं काम सक्शन (यंत्राने ओढून तोंड साफ करणं). माणूस पूर्ण बेशुद्ध असेल आणि घशाशी उबळ येत नसेल तर तोंडातली एअरवे (श्वासाची वाट उघडी ठेवणारी वाकडी नळी) घाला. ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजून घ्यायची. आणि दोन माणसं असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने फक्त पिळायचं. एका हाताने मास्क धरून दुसऱ्याने पिळणं अनुभवी भूलतज्ज्ञांनाही काही चेहऱ्यांवर जमत नाही.

किती पिळायची, हे तितकंच महत्त्वाचं. मोठ्या माणसांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि एका श्वासाला लागतात ५०० ते ६०० मिलिलिटर. छाती उचललेली दिसली की थांबायचं. नाडी लागत असेल आणि श्वास नसेल तर दर सहा सेकंदांना एक. सीपीआर चालू असेल तर ३० कॉम्प्रेशनला दोन. ताणाखाली सगळ्यांचेच हात भरभर चालतात. मग हवा पोटात जाते, उलटी होते, ती फुप्फुसात उतरते. छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. म्हणून घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत सहा सेकंद थांबण्याचा सराव करा. सहा सेकंद किती लांब वाटतात हे केल्याशिवाय कळत नाही.

आणि हा सराव तुम्हाला फुकटात, जिवंत चेहऱ्यावर, सुरक्षितपणे करता येईल अशी एक जागा तुमच्याच हॉस्पिटलमध्ये आहे: ऑपरेशन थिएटर. ठरवलेल्या शस्त्रक्रियांच्या सकाळी भूल दिल्यावर, नळी घालण्याआधी, भूलतज्ज्ञ रुग्णाला मास्कनेच श्वास देतात. त्यांची आणि हॉस्पिटलची रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्या नजरेखाली, आठवड्यातून एक सकाळ तिथे उभे राहा. जाड मान, दात नसलेलं तोंड, बारीक जबडा, प्रत्येक चेहऱ्याला हात वेगळा लावावा लागतो आणि चुकलं तर शेजारी चूक दुरुस्त करणारा माणूस असतो. कुठल्याही कोर्समधल्या प्लॅस्टिकच्या चेहऱ्यापेक्षा हे शिक्षण मोठं आहे. बहुतेक भूलतज्ज्ञ आनंदाने शिकवतात. त्यांना कुणी विचारतच नाही.

कॉम्प्रेशनच्या सरावाला मॅनिकिन नसेल तर अडून बसू नका. दोन लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली झाकण घट्ट लावून जुन्या उशीत घाला, उशी जमिनीवर ठेवा. दाब किती खोल जातोय याचं खरं माप तिच्यावर कळणार नाही, पण लय, सरळ कोपर आणि दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ देण्याची सवय लागेल. मोबाइलवर मेट्रोनोम ११० वर लावा. लक्ष्य मिनिटाला १०० ते १२०. खऱ्या छातीवर दाबाची खोली पाच सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि सहाच्या वर नको. दोन मिनिटांत तुम्ही दमाल, आणि दमल्याचं तुम्हाला कळण्याआधीच दाब उथळ झालेला असतो, म्हणून माणूस दर दोन मिनिटांनी बदलायचा. खरं तर मॅनिकिनचा जन्मही अशाच गरजेतून झाला. नॉर्वेतले आस्मुंड लेर्डाल खेळणी आणि बाहुल्या बनवायचे. तोंडाने श्वास देण्याची नवी पद्धत लोकांना शिकवायची तर सराव करायचा कशावर, असा डॉक्टरांपुढे प्रश्न होता. १९६० मध्ये लेर्डाल यांनी त्यासाठी माणसाएवढी बाहुली करून दिली.

एईडीचे पॅड काढताना हात थरथरले, असं लिहिलंयत. थरथर जाणार नाही, ती जायलाही नको. पण पाकीट कुठल्या कप्प्यात आहे, कुठल्या कोपऱ्यातून फाटतं, शर्ट कापायची कात्री कुठे अडकवलीय, हे हातांना डोळे मिटून माहीत असलं तर थरथरत्या हातांनीही काम होतं. ड्युटीच्या सुरुवातीला दहा मिनिटं काढा. सक्शन चालू करून बघा, पॅडची मुदत वाचा, अँबू बॅग तळहातावर दाबून गळती तपासा. सिलिंडरचं गणित रोज तोंडाने म्हणा: तुमच्या गाडीतला बी टाइप साधारण १० लिटर पाणी मावेल एवढा असतो, मीटरवर १५० दिसत असेल तर १,५०० लिटर ऑक्सिजन, म्हणजे मिनिटाला १० लिटरने दीडशे मिनिटं. काटा ७५ वर असेल तर सव्वा तास. कोल्हापूरला रेफर केस घेऊन निघताना आणि घाटात किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकल्यावर हे गणित सुचायला हवं.

तुमच्या पत्रात चालकाचा उल्लेखच नाही, आणि मला वाटतं त्या प्रसंगातली सगळ्यात मोठी उणीव तिथेच होती. गाडीत दोन माणसं होती, एक स्टिअरिंगवर. रुग्णाचं हृदय थांबलं तर गाडी कडेला घ्यायची का, चालकाने मागे यायचं का, हे त्या क्षणी ओरडून ठरवण्याची गोष्ट नाही. धावत्या गाडीत कॉम्प्रेशन उथळ पडतं आणि तुम्ही स्वतः पडून जखमी होऊ शकता. एईडी हृदयाची लय तपासत असताना गाडी हादरत असेल तर यंत्राची फसगत होते, तेवढा वेळ तरी गाडी उभीच हवी. तेव्हा तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत बसून आधीच ठरवून घ्या: कुठे थांबायचं, कुणाला फोन करायचा, केव्हा निघायचं. चालक मामांना कॉम्प्रेशन शिकवा. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य माणसासाठी फक्त कॉम्प्रेशनची सीओएलएस ही पद्धत तयार केली आहे, तिच्यात तोंडाने श्वास देणं नाही. मामा ती एका दुपारी शिकतील. मग दोघांनी मिळून, गाडी आवारात उभी करून, महिन्यातून दोनदा खोटी केस करा. तुम्ही मास्क, मामा छाती, दोन मिनिटांनी अदलाबदल. नातेवाईकाच्या जागी वॉर्डबॉयला बसवा आणि त्याला प्रश्न विचारत राहायला सांगा, कारण खऱ्या केसमध्ये कुणीतरी विचारतच असतं.

बाळंतपणासाठी लेबर रूमच्या सिस्टरांना गाठा. नवजात बाळाच्या पहिल्या मिनिटाचं प्रशिक्षण देणारा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांतल्या बऱ्याच सिस्टरांनी तो केलेला असतो. पुसणं, कोरडं करणं, ऊब देणं, तरीही रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत छोट्या बॅगने श्वास, एवढं हातात बसवा. आईचं गर्भाशय घट्ट होईपर्यंत पोटावरून चोळणंही सिस्टरांकडून शिका. रक्तस्राव मिनिटांत जीव घेतो. ऑक्सिटोसिन गाडीत ठेवत असाल तर ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात ते निकामी होतं. हे औषध-दुकानवाले भाऊ सांगणार नाहीत, तुम्हालाच बघावं लागेल.

सापाबद्दल थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत. कापू नका, आवळून बांधू नका, अंग हलू देऊ नका, सापाच्या विषावरचं औषध (अँटीव्हेनम) जिथे आहे तिथे थेट न्या. मण्यार बहुतेकदा रात्री झोपेत चावते, अनेकदा खूण दिसत नाही, फारसं दुखत नाही, आणि पापण्या जड होऊन श्वास मंदावतो. त्या वाटेवर त्या माणसाला जगवणारी एकच गोष्ट तुमच्या हातात असते, ती म्हणजे पुन्हा तीच अँबू बॅग. थिएटरमधल्या त्या सकाळी इथे कामी येतात.

प्रत्येक मोठ्या केसनंतर मामांसोबत पाच मिनिटं बसा आणि वहीत लिहा: काय घडलं, काय जमलं, पुढच्या वेळी काय वेगळं. रुग्णाचं नाव-गाव वहीत नको, व्हॉट्सअॅपवर फोटो तर मुळीच नको. अमेरिकेत सिअॅटल आणि आसपासच्या किंग काउंटीत हृदय बंद पडल्याच्या केसमधली यंत्राची नोंद नंतर तपासतात: हात किती सेकंद थांबले, का थांबले. तिथले वाचण्याचे आकडे जगात वरच्या फळीत आहेत आणि हे तपासणं त्याच्या कारणांपैकी एक आहे. तुमची वही हीच गोष्ट साध्या रूपात करेल.

आता कोर्स. एसीएलएस आत्ता करू नका. त्यात ईसीजीच्या लयी ओळखणं आणि औषधं हा मोठा भाग आहे. तुमचा अडलेला भाग मास्क, कॉम्प्रेशन आणि एईडी, म्हणजे निव्वळ बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट). पैसे घालायचेच तर आधी बीएलएस प्रोव्हायडर करा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं. पण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हात तसेच राहतील अशी समजूत नको, त्यासाठीच वरचा सराव सांगितला. पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा की एका मॅनिकिनवर किती जण असतात आणि मला प्रत्यक्ष किती वेळ मिळेल. उत्तर टाळलं तर दुसरी संस्था बघा. फक्त ऑनलाइन बघून 'सर्टिफाइड' करणाऱ्यांपासून लांब राहा. वाचन घरी होऊ शकतं, हातांची परीक्षा समोरासमोरच व्हायला हवी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट हा कोर्स सुरू केला, तो डॉक्टर आणि नर्ससोबत पॅरामेडिकसाठीही आहे. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, कदाचित तुमचे पैसे वाचतील. एसीएलएस, अपघातासाठीचे आयटीएलएस किंवा पीएचटीएलएस हे त्यानंतर, बीएलएस अंगवळणी पडल्यावर.

प्रत्येक प्रशिक्षणाची तारीख, तास आणि शिकवणाऱ्याची सही एका फाइलमध्ये जपा. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाच्या कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावाने आला आहे. आजवर कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या तुमच्या कामाला त्यामुळे कायद्याने ओळख मिळाली. पुढे नोंदणीच्या वेळी कागद विचारले जातील तेव्हा ही फाइल उपयोगी पडेल.

व्यवस्थापनाशी बोलताना स्लाइडच्या ट्रेनिंगवर टीका करू नका, त्याने दार बंद होतं. लेखी अर्ज द्या आणि मागणी लहान ठेवा: महिन्यातून एक तास, ड्युटीच्या वेळेत, रुग्णवाहिकेच्या सगळ्या जोड्यांसाठी प्रत्यक्ष सराव. अर्जात हेही लिहा की अमेरिकेत नॅशनल रजिस्ट्री या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या नोंदणी संस्थेकडची नोंदणी टिकवायला इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डरला दर दोन वर्षांनी १६ तास आणि ईएमटीला (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनला) ४० तास शिक्षण पूर्ण करावं लागतं. आपण मागतो ते महिना एक तास म्हणजे दोन वर्षांत २४. शिकवायला कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर, लेबर रूमच्या सिस्टर आणि भूलतज्ज्ञ आहेतच, बाहेरून कुणाला आणायला नको. सीनियरांनाही सोबत घ्या, पहिल्या सत्रात स्ट्रेचर आणि स्पाइन बोर्डवर रुग्ण हलवण्याचा भाग त्यांनाच शिकवायला सांगा, त्यात त्यांचा हात खरोखर बसलेला असणार. मॅनिकिनसाठी गावातल्या किंवा तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना अर्जाच्या आधीच भेटा. त्यांच्या स्किल लॅबमध्ये तो असतो आणि दुपारनंतर बहुतेकदा कपाटातच असतो. त्यांचं होकाराचं पत्र अर्जाला जोडलंत, तर खर्चाचं कारण सांगायला कुणाला जागा राहणार नाही.